निडीच्या बानोखालाचे असील

गेल्या वर्षापर्यंत निडी स्टेशनावर उतरून ‘कोंबड्या पाळतं कोण?’ असं विचारलं असतंत, तर लोकांनी निम्मा गाव दाखवला असता. ‘असील कुणाकडे?’ असं विचारलं असतंत, तर सगळी बोटं एकाच घराकडे वळली असती. ते घर हुस्नबानोचं. नवरा शरीफ जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा फैजल मस्कतला, घरात सून नफिसा आणि नात बतूल. हुस्नबानोची साठी केव्हाच उलटली, गुडघे कुरकुरतात, पण जिभेची धार जशीच्या तशी. गावातले लहानथोर तिला बानोखाला, म्हणजे बानोमावशी, म्हणतात आणि तिच्या अंगणातून जरा जपूनच जात, कारण तिथला कोंबडा अनोळखी पोटरीचा मान ठेवत नसे.

ज्यांनी असील पाहिला नसेल त्यांना दोन शब्द सांगायला हवेत. झुंजीसाठी नावाजलेली ही जात. उंच, ताठ मानेची, पिसं अंगाला घट्ट बसलेली, तुरा नावापुरता. कोंबडी अंडी मोजकीच देते, पण अंड्यांवर बसली की उठायचं नाव घेत नाही, आणि पिल्लांसाठी मुंगसाच्याही अंगावर जाते. बानोखालाला या मायेचं कौतुक होतं. झुंजी लावणाऱ्यांचा मात्र तिला मनस्वी तिटकारा. मोटारसायकलवरून कुणी ‘खाला, एक लढाऊ पट्ठा द्या’ म्हणत आला, की ती म्हणायची, "लढायचं हाय तर तू लढ. मी शिट्टी वाजवते."

तिचा असील विकत मिळत नसे. ती जिथली, त्या धरमतरच्या खाडीकाठची तशी रीतच होती: असील विकायचा नाही, द्यायचा, आणि देताना घेणाऱ्याच्या घरचं मूठभर मीठ घ्यायचं. कोंबडी जिथं नांदणार तिथलं मीठ देणाऱ्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं, की देणंघेणं पुरं झालं. दारात मिठागरं असलेल्या गावांतली ही रीत, मीठ काय तिथं हवं तेवढं. निडीला मिठागर नाही, म्हणून बानोखाला निदान घेणाऱ्याच्या बरणीतलं तरी मीठ मागायची. यात तिने कधी सूट दिली नाही, एका माणसाचा अपवाद सोडून. तो अपवाद पुढे येतो.

असील या नावाचा तिच्या सासरी फार तोरा. सरकारी कोंबड्यांना गिरिराज, वनराज अशी राजेशाही नावं असतात, त्यावर बानोखाला हसायची, "राज्य कुठलं, तर पिंजऱ्याचं!" असील हे नाव कसं पडलं ते सांगायचा मान तिचा धाकटा दीर हाशिम याचा. आपले वाडवडील अरबस्तानातून गलबतातून आले, बरोबर खजूर, अत्तर आणि हा कोंबडा घेऊन आले, म्हणून त्याचं नाव अरबी. लग्नाच्या पंगतीत, दस्तरखानावर बसून हाशिम ही गोष्ट रंगवून सांगायचा, आणि दर लग्नाला ते गलबत थोडं मोठं व्हायचं.

त्या गलबताला भोक पाडलं फैजलने, मस्कतहून, व्हिडिओ कॉलवर.

"अम्मी, शब्द इकडचाच हाय," तो म्हणाला. "अस्ल मंजे मूळ. ज्याचं मूळ चांगलं, तो असील. इथं घोड्याला म्हणतात, उंटाला म्हणतात, चांगल्या घरच्या माणसालापण म्हणतात. आपलं अस्सल, असली, सगळं त्यातलंच. पण मी साहेबाला आपल्या कोंबड्याचा फोटो दाखवला तर तो म्हणतो, हा तर हिंदचा कोंबडा!"

"मंजे काय रे?" बानोखालाने विचारलं.

"मंजे नाव इथून तिकडं गेलं. कोंबडा पयल्यापासून तिकडचाच."

हाशिमच्या कानावर हे गेलं तेव्हा तो आठवडाभर फुगून बसला. बानोखाला मात्र पोट धरून हसली. संध्याकाळी दाणे टाकता टाकता ती नफिसाला म्हणाली, "आपलं तरी काय निराळं हाय गो? माझं नाव बघ, हुस्नबानो. नाव तिकडचं. मी अरबस्तान कुठं बघितलाय? मी धरमतरच्या खाडीत पोहायला शिकले." आणि हे बोलताना तिला मनापासून बरं वाटलं.

बानोखालाचं माहेर पेण तालुक्यात, धरमतरच्या अंगाला. बाप तांदळाचा व्यापारी. शेजारी मिठागरात राबणारं आगरी कुटुंब, त्यांची सीता ही तिची बाळमैत्रीण. बानोच्या आईने सीताच्या आईला एक असील कोंबडी वाट्याने दिली होती. वाट्याने म्हणजे कोंबडी एकीची, राखण दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी. दोन्ही अंगणांत एकाच वंशाची पिल्लं वाढली. बानो लग्न होऊन निडीला निघाली तेव्हा आईने बांबूच्या डालग्यात एक जोडी घालून दिली. सासूने तोंड वाकडं केलं. "दागिने कमी आणि कोंबड्या जास्त," म्हणाली. सुनेने ते मनात ठेवलं आणि पुढे सासूच्या प्रत्येक दुखण्याला त्याच कोंबड्यांच्या पिल्लाचा रस्सा पाजला.

मग एका हिवाळ्यात मानमोडी आली. कोंबड्यांची ही साथ ज्यांनी पाहिली ते तिचं नाव आजही मोठ्याने घेत नाहीत. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान पिरगळून पडलेली. निडीचं अंगण रिकामं झालं. बानो धावत माहेरी गेली, तर तिथलं खुराडंही ओस. ती पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडत असताना सीताबाई आली.

"रडतेस काय गो?" ती म्हणाली. "ऊठ, बांधावर चल."

मिठागराच्या बांधावर, गावापासून लांब, सीताबाईची झोपडी होती. तिथवर साथ पोचलीच नव्हती. सीताबाईने एक तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली कोंबडी, आणि एक कोवळा कोंबडा बानोच्या ओटीत घातला. बानोने आभार मानायला तोंड उघडलं, तर सीताबाई म्हणाली, "आभार कसले? तुझा वाटा हाय." पुढे निडीत जे असील दिसले ते सगळे त्या ओटीतून आलेले.

हे सगळं हाशिमला ठाऊक होतं. पण गलबताच्या गोष्टीत बांधावरच्या झोपडीला जागा नव्हती.

गेल्या वर्षी फैजलने रोह्याजवळ वरसे इथे फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, बतूलचं कॉलेज जवळ, डॉक्टर जवळ. बानोखालाने नाही म्हटलं नाही. म्हातारपणी जुन्या घराच्या चौकटीला मिठी मारून बसणाऱ्यांतली ती नव्हे. "गुडघ्यांना विचारलं, ते कधीचे तयार हायत," ती म्हणाली. अडचण एकच होती. सोसायटीत कुत्रं चालत होतं, मांजर चालत होतं, कोंबडी चालत नव्हती. नफिसाने ‘कापून वाटून टाकू’ असं अर्धं वाक्य उच्चारलं आणि सासूचा चेहरा बघून उरलेलं गिळलं. बानोखालाला दुसरा कसला घोर नव्हता. पण आईच्या अंगणातून आलेला हा वंश आपल्या डोळ्यांसमोर संपला तर आपण काय राखलं, या विचाराने तिचा जीव खालीवर व्हायचा.

सीताबाईचा विचार पहिल्यांदा मनात आला होता. पण मिठागरं बंद पडली, बांध फुटून खारं पाणी शिरलं, सीताबाई लेकाच्या घरी रस्त्याकडेला राहायला गेली, असं कानावर आलेलं. तिला आता दिसतही कमी, असंही कुणी सांगितलं. भेट होऊन काही पावसाळे लोटले होते. तिच्या गळ्यात हे लोढणं कशाला, असं बानोखालाने ठरवून टाकलं, आणि सीताबाईला विचारायचं मात्र राहून गेलं.

तेवढ्यात हाशिम दारात हजर. त्याचं पेणला चिकनचं दुकान आणि बॉयलर कोंबड्यांच्या दोन मोठ्या शेड. "भाभी, असील मंजे खानदानी," तो म्हणाला. "खानदानातच राहायला पायजेत. माझ्याकडं द्या. जागा हाय, दाणा हाय, डॉक्टर येतो."

बानोखालाने विचार केला. शेवटी घरचा माणूस. "दिले," ती म्हणाली. तिची जबान म्हणजे दगडावरची रेघ, हे निडीपासून रोह्यापर्यंत ठाऊक. "पण रीत माहीत हाय ना? मीठ आण."

हाशिमने पिशवीतून मिठाची पुडी काढली. किराणा दुकानातली, चकचकीत प्लास्टिकची, अजून न फोडलेली.

"हे कुठलं?"

"चांगलं हाय भाभी. आयोडीनचं."

बानोखाला हसली आणि घरचाच म्हणून तिने चालवून घेतलं. पुडी फोडून चिमूटभर जिभेवर ठेवलं. ‘तिथंच माझं चुकलं,’ असं ती आता सांगते. आधी दोन कोवळे कोंबडे न्यायचे, बाकीचे घर हलवताना, असं ठरलं. दोघे एकाच कोंबडीखालचे, एकाच दिवशी फुटलेले भाऊ. एक तांबूस, एक काळा. हाशिमने ते एकाच पाटीत घालून नेले, आणि पाटीत अंधार असल्यामुळे ते वाटेत गप्प राहिले.

आठवड्याभराने बानोखाला सकाळच्या गाडीने पेणला गेली. सहज, बघून येऊ म्हणून. दुकानावर नवा बोर्ड लागलेला: ‘खानदानी असील. अरबी नस्ल.’ बोर्डाखाली एक पिंजरा. पिंजऱ्यात तांबूस कोंबडा एकटा उभा होता, मानेवर रक्त वाळलेलं, एक डोळा बंद. काळा कुठेच नव्हता.

"दुसरा?" तिने विचारलं.

हाशिम गल्ल्यामागून उठला. "भाभी, मी सांगणारच होतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं होतं. लोकांना बघायला बरं वाटतं ना. तर... आता भाऊ भाऊ ते, एका अंगणातले. मला काय ठाऊक?"

खरी गंमत, आणि खरं दुःख, हेच होतं. हाशिमच्या शेडमध्ये हजारभर बॉयलर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. कोंबडा म्हणजे असाच, असं जन्मभर त्या धंद्यात राहून त्याला वाटू लागलेलं. आणि वयात येणारे दोन असील एका पिंजऱ्यात ठेवायचे नसतात, एक दुसऱ्याला मारूनच थांबतो, हे कुणाला सांगावं लागतं, असं बानोखालाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिच्या अंगणात रांगणाऱ्या पोरालाही ते ठाऊक असायचं.

तिला काळ्याचं वाईट वाटलं. पिल्लू असताना तो तिच्या ओंजळीत झोपायचा. तिने पिंजरा उघडला, तांबूस कोंबडा काखेत घेतला. तो फडफडला नाही.

"बॉयलर हजार एकत्र राहतात, कारण आपण कोण हे त्यांना ठाऊकच नाय," ती म्हणाली. "याला ठाऊक हाय. आणि तू वर बोर्ड काय लावलायस? अरबी नस्ल! फैजलने तुला सांगितलं नव्हतं? ज्याला याचं मूळ कुठलं ते कबूल करायचं नाय, त्यानं खानदान कशाला सांगावं?"

"भाभी, जबान दिलीय तुम्ही," हाशिम म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. "मीठ खाल्लंय."

दुकानासमोर चार गिऱ्हाईकं थांबली होती. बानोखालाला जबान मोडणं जिवावर येत होतं; आजवर तिने ते केलं नव्हतं. पण काखेतल्या जिवाची धडधड तिला बरगड्यांवर लागत होती.

"खाल्लं. पुडीचं खाल्लं," ती म्हणाली. "मी याला घर द्यायची जबान दिली होती. तुझ्याकडं दुकान हाय हाशिम, घर नाय. मी जबान मोडते. पेणच्या बाजारात, दिवसाढवळ्या मोडते. कुणाला सांगायचं त्याला सांग."

आणि ती रस्ता ओलांडून एसटी स्टँडवर गेली. निडीची गाडी दुपारी होती. अलिबागची एसटी समोर उभी होती, आणि ती धरमतरवरून जाते.

कंडक्टरने कोंबड्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, याचं तिकीट लागेल."

"मला बाईमाणूस म्हणून अर्धं हाय ना? याला एकच डोळा हाय, यालापण अर्धं फाड," बानोखाला म्हणाली. गाडी हसली, कंडक्टरही हसला, आणि कोंबडा फुकट गेला.

सीताबाई लेकाच्या घराच्या पायरीवर सुकट निवडत बसली होती. बानोखालाने तोंडातून शब्द काढला नाही. नुसता कोंबडा तिच्या मांडीवर ठेवला. सीताबाईचे हात आधी दचकले, मग मानेवरून, छातीच्या हाडावरून, पायांवरून फिरले.

"बानू, आलीस?" ती म्हणाली.

"कसं ओळखलंस गो?"

"दुसऱ्या कुणाचा कोंबडा मांडीवर असा गप बसंल?" तिचा हात बंद डोळ्यापाशी थांबला. "ह्ये कुणी केलं?"

बानोखालाने सगळं सांगितलं. हाशिम, पुडी, पिंजरा, काळा. मग म्हणाली, "सीते, माझ्याकडं आता अंगण नाय. मी फ्लॅटात चाललेय. हे कुठं ठेवू, मला कळत नाय."

इतका वेळ ताठ असलेला तिचा आवाज तिथे फाटला. सीताबाईने कोंबडा परत तिच्या काखेत दिला. तिने सुनेला हाक मारली, "अनिता, बानूला मागल्या दारी ने."

घराच्या मागे जुन्या बांधाचा एक तुकडा अजून शिल्लक होता. पलीकडे पाणी, अलीकडे शेवग्याचं झाड, झाडाखाली नारळीच्या झापांचं खुराडं. आणि बांधावर तीन कोंबड्या माती उकरत होत्या. उंच, घट्ट पिसांच्या, तुरा नावापुरता. बानोखाला बघतच राहिली. काखेतल्या तांबूस कोंबड्यानेही एका डोळ्याने पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा मान ताठ केली.

"आमची सासूबाय सोडायलाच तयार नाय," अनिता सांगू लागली. "मिठागर गेलं, घर हललं, पण ह्या बरोबर आल्या. कोंबडा मातुर गेल्या साली म्हातारा होऊन मेला. बाहेरचा आणू म्हटलं तर ऐकत नाय. बानूचा येईल म्हणते."

बानोखाला परत पायरीपाशी आली. "इतकी वर्षं राखल्यास आणि मला कधी बोलली नायस?"

"तू इचारलंस कवा?" सीताबाई म्हणाली. "तुज्या आयशीनं वाट्यानं दिल्याली कोंबडी. निम्मी पिल्लं तुजी. तुजा वाटा मी कशी मोडू गो?"

मग तिने अनिताकडून मडकं आणवलं. तळाला जाडं, मातकट मीठ होतं, तिच्या हातच्या शेवटच्या वाफ्यातलं. लोणच्यालाही ती ते काढू देत नसे. मूठ भरून तिने बानोसमोर धरली. बानोखालाने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि रडली. शरीफ गेल्यानंतर ती अशी रडली नव्हती, आणि सीताबाईने तिला थांबवलं नाही.

पुढच्या जुम्याला टेम्पोतून सगळे असील बांधावर गेले. प्रत्येक कोंबडा वेगळ्या डालग्यात, हे बानोखालाने स्वतः उभं राहून पाहिलं. मग ती वरशाच्या फ्लॅटात गेली, लिफ्टमध्ये बसायला शिकली, आणि पहिले काही दिवस पहाटे आरवणं ऐकू येत नाही म्हणून नफिसावर चिडचिडली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अनिता सोसायटीच्या गेटवर उभी. हातात डालगं, डालग्यात तलंगा. वॉचमन आत सोडेना. बानोखाला खाली उतरली.

"सासूबायनं तुमचा वाटा धाडलाय," अनिता म्हणाली. "म्हणाली, फ्लॅट हाय का बंगला हाय ते आपल्याला ठाऊक नाय, वाटा मंजे वाटा."

बानोखालाने वॉचमनच्या खुर्चीत बसून प्रत्येक तलंग मांडीवर घेतली, पिसं फुंकून पाहिली. मग तिने निडीच्या बायजाला फोन लावला. बायजा तिची जुनी शेजारीण. तिचं अंगण मोकळं होतं आणि रीतही तिला पाठ होती. "मीठ घेऊन ये," बानोखाला म्हणाली. "बरणीतलं आण. पुडी आणलीस तर परत पाठवीन." बायजा संध्याकाळच्या आत आली. निडीच्या अंगणात पुन्हा असील चालू लागले.

हाशिमने बोर्ड काढला. कधीतरी तोही मागायला येईल असं नफिसा म्हणते. "येऊ दे," बानोखाला म्हणते. "आधी अंगण कर म्हणावं."

तलंगा आल्या त्या रात्रीचं जेवण होतं न होतं तोच मस्कतहून फैजलचा फोन आला. नफिसाने त्याला वाट्याची गोष्ट सांगितली होती, तरी त्याला आईच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अम्मी, शेवटी असील कुणाला दिलेस?"

"दिले नाय रे. परत नेऊन ठेवले."

"कुठं? अरबस्तानात?" तो हसत म्हणाला.

"धरमतरला, सीतेच्या बांधावर," हुस्नबानो म्हणाली. "अस्ल मंजे मूळ, असं तूच सांगितलंस ना? ते तिथं हाय. कोंबड्यांचं पण, आणि आपलं पण."